दिवसभर रानात चालणारा फोन: मोठी बॅटरी घ्यावी की वैशिष्ट्ये कमी करावीत?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सांगली जिल्ह्यातील एका सहकारी साखर कारखान्याच्या शेतकी विभागात मी काम करतो. येत्या गळीत हंगामापूर्वी आमच्या चिटबॉय आणि फील्डमन (गावोगाव ऊसनोंद व तोडणीचे काम पाहणारे कर्मचारी) मंडळींसाठी नवे फोन खरेदी करायचे आहेत आणि शिफारशीचे काम माझ्याकडे आले आहे. एका फोनसाठी वीस हजार रुपयांच्या आसपास तरतूद आहे.

फोनवर नेमके काय काम होते ते आधी सांगतो. ऊसनोंदीच्या दिवसांत बांधावरून चालत जीपीएसने प्लॉटचे क्षेत्र मोजायचे, गट नंबर, उसाची जात, लागण आहे की खोडवा, ही माहिती भरायची आणि फोटो जोडायचा. हंगाम सुरू झाला की तोडणीच्या चिठ्ठ्या फोनवरूनच निघतात आणि त्यातच मुकादम, वाहतूकदार व सभासद यांचे फोन अखंड चालू असतात. हे सारे उघड्या उन्हात चालते, म्हणजे पडदा पूर्ण उजळ ठेवल्याशिवाय काही दिसत नाही, आणि नदीकाठच्या शिवारात नेटवर्कही धड नसते.

सध्याच्या फोनमध्ये ५००० एमएएचची बॅटरी आहे. माहितीपत्रकानुसार ती दीड दिवस पुरायला हवी. प्रत्यक्षात सकाळी सातला पूर्ण भरलेला फोन दुपारी तीनच्या सुमारास लाल खूण दाखवतो आणि तेथून पुढे माणूस फोन जपत काम उरकू लागतो. तो पडदा अंधूक करतो, दोनऐवजी एकच फोटो काढतो, मोजणीचा एखादा कोपरा अंदाजाने टाकतो. म्हणजे बॅटरी संपण्याच्या कितीतरी आधी नोंदीचा दर्जा घसरतो आणि हे नुकसान खर्चाच्या कोणत्याही रकान्यात दिसत नाही.

खरेदी समितीसमोर दोन प्रकारचे फोन आहेत. पहिला थोडा जाड, ७००० एमएएच बॅटरीचा आणि साध्या कॅमेऱ्याचा आहे. दुसऱ्यात ५००० एमएएच बॅटरी, १२० हर्ट्‌झचा (सेकंदाला १२० वेळा चित्र ताजे करणारा) वक्र पडदा, तीन कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेची लांबलचक यादी आहे. काही संचालकांचा कल दुसऱ्याकडे आहे, कारण त्यांच्या मते तेवढ्याच पैशात त्यात जास्त मिळते.

वैशिष्ट्ये जास्त असण्याला माझा विरोध नाही. जे वैशिष्ट्य बोलावल्यावर येते आणि काम झाले की थांबते, त्याचा बॅटरीवर फारसा भार पडत नाही. माझा विरोध आहे तो न बोलावता दिवसभर जागे राहणाऱ्या आणि बंद करायचे म्हटले तर सेटिंगच्या पाचव्या पातळीवर लपलेल्या वैशिष्ट्यांना. फोनचा वापर जितका जास्त, तितका हा फरक महाग पडतो, असे मला वाटते. जाणकारांनी आपली मते द्यावीत.

मिलिअँपिअर

आपल्याच आकड्यांवरून हिशेब मांडू. ५००० एमएएचची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची असते, म्हणजे तिच्यात सुमारे १९ वॅट-अवर ऊर्जा मावते. लाल खूण १५ टक्क्यांवर येते असे धरले, तर सात ते तीन या आठ तासांत आपला फोन सव्वासोळा-साडेसोळा वॅट-अवर खर्च करतो. सरासरी दोन वॅटहून किंचित अधिक. ७००० एमएएचच्या फोनने याच गतीने ऊर्जा वापरली, तर लाल खूण सव्वाअकरा तासांनी, म्हणजे सायंकाळी सहानंतर येईल. हाच परिणाम सध्याच्या बॅटरीतून मिळवायचा असेल, तर सरासरी वापर दीड वॅटपर्यंत खाली आणावा लागेल. थोडक्यात, आपल्या कामापुरते पाहिले तर २००० एमएएच वाढवणे आणि ०.६ वॅट वाचवणे यांचे फळ सारखेच आहे.

आता हे ०.६ वॅट कोठून वाचू शकतात ते पाहू. उन्हात वापरल्या जाणाऱ्या फोनमध्ये पडदा हा सहसा सर्वांत मोठा ग्राहक असतो. ओएलईडी पडद्यात काळा बिंदू जवळजवळ बंदच असतो, म्हणून गडद थीमचा सल्ला सगळीकडे दिला जातो. मात्र अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार, पडद्याची उजळता ३० ते ५० टक्के असताना गडद थीममुळे केवळ ३ ते ९ टक्के वीज वाचते, आणि उजळता पूर्ण असताना ही बचत ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत जाते. घरात बसलेल्या माणसाला गडद थीमचा लाभ नगण्य आहे, तर रानात उभ्या असलेल्या माणसाला तो भरघोस आहे. अडचण एवढीच की, उन्हात गडद पार्श्वभूमीवरची बारीक अक्षरे वाचणे कठीण जाते, त्यामुळे ॲप तयार करणाऱ्याने अक्षरे ठळक व मोठी ठेवली तरच हा लाभ पदरात पडेल. एलसीडी पडद्यात मागचा दिवा सगळा वेळ जळतच असतो, त्यामुळे तेथे थीम बदलून काही साधत नाही.

दुसरा मोठा ग्राहक म्हणजे मोडेम, टॉवरशी संपर्क राखणारा फोनमधील भाग. टॉवर दूर असेल तर फोनला जोर लावून बोलावे लागते. ४जी फोनची प्रक्षेपणशक्ती कमाल २०० मिलिवॅटच्या आसपास ठरवलेली असते, पण तेवढी शक्ती अँटेनापर्यंत पोहोचवताना ॲम्प्लिफायर त्याच्या कितीतरी पट वीज उष्णतेत घालवतो. भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सेवेचे उद्घाटन झाले, तेव्हा जिओने स्टँडअलोन (४जीच्या आधाराशिवाय चालणारी) तर एअरटेलने नॉन-स्टँडअलोन पद्धत निवडली. नॉन-स्टँडअलोन पद्धतीत फोन ४जीचा दुवा धरून ठेवतो आणि त्यावर ५जीचा दुसरा दुवा चालवतो, म्हणजे एकाच वेळी दोन रेडिओ जागे राहतात. शिवारात ५जीची एखादीच रेघ येत-जात असेल, तर पसंतीचे नेटवर्क ४जीवर बांधून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. चिठ्ठी आणि फोटो पाठवायला ४जी पुरेसे आहे.

खाडीपलीकडे

१२० हर्ट्‌झविषयी आपण काहीच लिहिले नाही. ते बंद केले की बॅटरी दीडपट पुरते असे सर्वत्र वाचायला मिळते.

मिलिअँपिअर

दीडपट ही अतिशयोक्ती आहे. महागड्या फोनमधील एलटीपीओ पडदा स्थिर चित्र दाखवताना स्वतःहून १ हर्ट्‌झपर्यंत खाली येतो, त्यामुळे तेथे १२० हर्ट्‌झचा भार मर्यादित राहतो. वीस हजारांच्या फोनमध्ये सहसा असा पडदा नसतो आणि तो ठरावीक दोन-तीन पायऱ्यांवरच वर-खाली होतो. नोंदणीचा अर्ज भरताना १२० हर्ट्‌झचा कसलाही उपयोग नाही, म्हणून ६० वर ठेवणे योग्यच. पण पूर्ण उजळलेल्या पडद्याशी तुलना केली तर ही बचत दुय्यम आहे.

शापोरा

मी उत्तर गोव्यात पर्यटकांची टॅक्सी चालवतो. दिवसाचे बारा तास फोन समोर अडकवलेला असतो. वैशिष्ट्यांना नावे ठेवण्याच्या या सुरात मी सामील होऊ शकत नाही, कारण माझे उत्पन्नच वैशिष्ट्यांवर चालते. रशियन किंवा तमीळ पर्यटकाशी बोलताना भाषांतर लागते, रात्री गाडीचे फोटो पाठवायला बरा कॅमेरा लागतो, यूपीआय लागते, दोन सिम लागतात. हे सर्व काढून टाकलेला आणि आठवडाभर चालणारा फोन मला कोणी फुकट दिला तरी मी घेणार नाही.

लोकांना निव्वळ मोठी बॅटरी हवी असते हेही खरे नाही. २०१९ च्या बार्सिलोना येथील मोबाइल मेळाव्यात एनर्जायझर नावाने १८,००० एमएएच बॅटरीचा फोन दाखवण्यात आला होता. त्याची जाडी १८ मिलिमीटर होती. लोकवर्गणीतून तो बाजारात आणण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा लक्ष्याच्या जेमतेम एक टक्का रक्कम जमली आणि फोन आलाच नाही. बॅटरी कमी पडते अशी तक्रार करणारे आपण सारे त्या वेळी कोठे होतो?

कृष्णाकाठ

शापोरा, आपला मुद्दा रास्त आहे आणि तो माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही. भाषांतर आपण बोलावता तेव्हा येते. पण माझ्या एका फील्डमनच्या फोनच्या लॉक पडद्यावर दर वेळी नवे चित्र आणि त्याखाली जाहिरात उगवते, त्यासाठी फोन दिवसभर डेटा ओढत राहतो आणि हे कोणी मागितलेले नसते. कंपनीने पैसे मिळवण्यासाठी ठेवलेली सोय आणि वापरणाऱ्याला उत्पन्न देणारी सोय या दोन्ही माहितीपत्रकात एकाच यादीत छापल्या जातात, हीच माझी तक्रार आहे.

सोल्डरिंग

कराडला माझे दुरुस्तीचे दुकान आहे. वर चाललेली चर्चा नव्या फोनची आहे, म्हणून माझ्या बाकावर रोज काय येते ते सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत फुगलेल्या बॅटऱ्यांची रांग लागते आणि त्यातील बरेचसे फोन दिवसभर वाहन चालवणाऱ्यांचे किंवा फिरतीवर असणाऱ्यांचे असतात. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत: उष्णता आणि सतत काठोकाठ भरलेली अवस्था. फिरतीवरचा माणूस या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करतो. फोन मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात लावलेला असतो, पॉवर बँकेची वायर जोडलेली असते, नकाशा चालू असतो आणि बॅटरी ९५ ते १०० टक्क्यांच्या मध्ये दिवसभर तापत राहते. अशा फोनची क्षमता वर्ष-दीड वर्षात जाणवण्याइतकी उतरते.

त्यामुळे शिफारस करताना पहिल्या दिवसाचा आकडा पाहू नये. दुसऱ्या हंगामात किती क्षमता उरेल, हा प्रश्न विचारावा. ७००० ची बॅटरी वीस टक्के उतरली तरी ५६०० उरते, म्हणजे नव्या ५००० च्या फोनपेक्षा ती तेव्हाही पुढे असते. ५००० ची उतरली की ४००० वर येते आणि मग आपली लाल खूण जेवणाच्या सुट्टीतच दिसू लागेल.

आणखी एक सांगावेसे वाटते. बहुतेक नव्या फोनमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. हलका वापर असणाऱ्यांना ती उत्तम आहे. पण ज्याला १०० टक्केही पुरत नाहीत, त्याला ८० वर थांबायला सांगणे हा उपदेश झाला. मोठ्या बॅटरीचा माझ्या लेखी खरा फायदा हाच आहे की, फिरतीवरच्या माणसालाही ८० ची मर्यादा पाळणे परवडते.

श्टुटगार्टकर

सोल्डरिंग यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर युरोपात आता छापील स्वरूपात मिळते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोन व टॅब्लेट यांना नवे नियम लागू झाले आहेत. त्यानुसार बॅटरी ८०० वेळा पूर्ण भरून रिकामी झाल्यानंतरही तिच्यात मूळच्या किमान ८० टक्के क्षमता उरली पाहिजे, आणि विक्री थांबल्यानंतर सात वर्षे आवश्यक सुटे भाग मिळाले पाहिजेत. प्रत्येक फोनसोबत एक ऊर्जालेबल असते. फ्रिजवर असते तशी ए ते जी ही श्रेणी त्यावर असतेच, पण त्याखालचे दोन आकडे आपल्या कामाचे आहेत. एकदा भरलेला फोन ठरावीक चाचणीत किती तास व मिनिटे चालला, हा पहिला आकडा. बॅटरी किती आवर्तने (पूर्ण भरून रिकामी होण्याच्या फेऱ्या) टिकेल, हा दुसरा. ही माहिती ईप्रेल नावाच्या सार्वजनिक संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

या लेबलामुळे एमएएचच्या आकड्याची पकड ढिली होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सारख्याच क्षमतेच्या बॅटऱ्या असलेल्या दोन फोनांच्या तासांमध्ये चांगलाच फरक असू शकतो. प्रोसेसर कोणत्या कारखान्यात बनला, एवढ्यानेही तो पडतो. क्वालकॉमने २०२२ मध्ये स्नॅपड्रॅगन ८ जेन १ च्या पाठोपाठ ८ प्लस जेन १ आणला, तेव्हा उत्पादन सॅमसंगकडून टीएसएमसीकडे हलवले होते, आणि सीपीयू व जीपीयूच्या वीजवापरात सुमारे ३० टक्क्यांची सुधारणा झाल्याचा दावा खुद्द कंपनीनेच केला होता.

भारतातील खरेदीदाराने एक सावधगिरी बाळगावी. एकाच नावाच्या फोनची बॅटरी दोन्हीकडे सारखी असेलच असे नाही. २०२५ च्या नथिंग फोन ३ मध्ये भारतात ५५०० एमएएचची बॅटरी आहे, तर युरोपात ५१५० ची. बॅटरीच्या एका सेलमध्ये २० वॅट-अवरहून अधिक ऊर्जा असेल तर वाहतुकीचे नियम अधिक कडक होतात, हे यामागचे कारण म्हणून अनेकदा सांगितले जाते. मोठ्या बॅटरीच्या बाबतीत या घडीला भारतीय ग्राहक युरोपीय ग्राहकापेक्षा सुदैवी आहे, पण टिकाऊपणाचा छापील आकडा मात्र त्याला मिळत नाही.

खाडीपलीकडे

जाडी न वाढता बॅटऱ्या अचानक ७००० च्या पुढे कशा गेल्या? सहा-सात वर्षांपूर्वी ६००० म्हणजे वीट वाटायची.

मिलिअँपिअर

ऋणाग्र, म्हणजे चार्ज होताना लिथियम साठवणारे बॅटरीतील टोक, बदलले म्हणून. पारंपरिक बॅटरीत ऋणाग्र ग्रॅफाइटचे असते आणि ग्रॅफाइटची सैद्धांतिक क्षमता प्रतिग्रॅम ३७२ एमएएच आहे. सिलिकॉनची क्षमता त्याच्या सुमारे नऊ-दहा पट आहे. अडचण अशी की, लिथियम सामावून घेताना सिलिकॉन मूळ आकाराच्या तीन-चार पट फुगतो आणि पुन्हा आक्रसतो, त्यामुळे शुद्ध सिलिकॉनचे ऋणाग्र थोड्याच आवर्तनांत भुगा होते. म्हणून सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण कार्बनच्या जाळीत बसवून थोड्या प्रमाणात वापरले जातात. ऑनरने २०२३ मध्ये चीनमधील मॅजिक ५ प्रोमध्ये अशी ५४५० एमएएचची बॅटरी दिली. त्यानंतर वनप्लस १३ मध्ये ६००० आणि वनप्लस १५ मध्ये ७३०० असा हा आकडा चढत गेला. याउलट सॅमसंगच्या एस मालिकेतील अल्ट्रा फोनमध्ये २०२० च्या एस २० पासून २०२५ च्या एस २५ पर्यंत ५००० चाच आकडा कायम राहिला.

मात्र वाढलेली क्षमता वापरणाऱ्याच्या हाती जशीच्या तशी पोहोचत नाही. पडद्याची कमाल उजळता दर वर्षी वाढते, कॅमेरा एका फोटोसाठी अनेक चौकटी जुळवतो, आणि खेळ अधिक वेगाने पळतात. शिवाय पातळपणाची शर्यत पुन्हा सुरू झालेलीच आहे. २०२५ मध्ये आलेला गॅलॅक्सी एस २५ एज ५.८ मिलिमीटर जाड आहे आणि त्यात ३९०० एमएएचची बॅटरी आहे. त्याच वर्षीचा आयफोन एअर ५.६ मिलिमीटरचा आहे. त्याची बॅटरी त्याहूनही लहान आहे. तंत्रज्ञानाने दिलेली जागा काहींनी फोन जास्त वेळ चालावा यासाठी वापरली आणि काहींनी ती खिशाच्या सौंदर्याला वाहिली. दुसऱ्या गटाविषयी मला आदर नाही, पण तो कृष्णाकाठ यांच्या खरेदीत येतही नाही.

पर्यवेक्षिका

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. पोषण ट्रॅकर हे अंगणवाडीच्या नोंदींचे ॲप २०२१ पासून आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्याच वर्षी राज्यातील सेविकांनी शासनाने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले होते, हे येथील अनेकांना आठवत असेल. फोनची कमी क्षमता आणि वारंवार होणारे बिघाड ही त्यातील प्रमुख तक्रार होती. त्यामुळे कामासाठी दिलेला फोन कमी ताकदीचा असला तरी चालेल, या विचाराला मी सावधपणे विरोध करीन. कमी मेमरीच्या फोनवर ॲप दर वेळी पहिल्यापासून उघडते, माणूस पडदा चालू ठेवून वाट पाहत बसतो, आणि त्यातही बॅटरीच जाते.

दुसरा अनुभव बॅटरी वाचवण्याच्या सोयींचा आहे. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या सहाव्या आवृत्तीपासून डोझ नावाची व्यवस्था आहे. फोन पडून असला की ती ॲपचे पार्श्वभूमीतील काम रोखून धरते. त्यावर अनेक कंपन्या स्वतःची आणखी कडक व्यवस्था चढवतात. परिणामी सेविकेने नोंद भरली, फोन पिशवीत ठेवला आणि नोंद वर गेलीच नाही, असे घडते. मग ती पुन्हा फोन काढते, ॲप उघडते, चक्र फिरताना पाहत राहते. वाचवलेली वीज दुप्पट खर्च होते आणि मनस्ताप वेगळा. आमच्या बीटमध्ये आम्ही कामाच्या ॲपला बॅटरीच्या सेटिंगमध्ये अनिर्बंध परवानगी दिली आणि बाकीच्या ॲपवर निर्बंध घातले. हे प्रत्येक फोनवर हाताने करावे लागते आणि एखाद्या अपडेटनंतर पुन्हा तपासावे लागते.

शापोरा

पर्यवेक्षिका ताईंना पूर्ण अनुमोदन. बॅटरी वाचवण्याच्या सोयीनेच माझे भाडे बुडवले आहे. फोनने टॅक्सीचे ॲप शांतपणे झोपवले आणि मी रांगेत उभा राहून ग्राहकाची वाट पाहत राहिलो. कृष्णाकाठ, न बोलावता काम करणाऱ्यांच्या आपल्या यादीत हीदेखील घाला.

कृष्णाकाठ

घातली. वरील प्रतिसाद वाचल्यावर गटातील सहकाऱ्यांच्या फोनमधील बॅटरीवापराची पाने एकत्र बसून पाहिली. बहुतेक फोनमध्ये सर्वांत वर पडदा होता, हे अपेक्षितच होते. त्याखाली व्हिडिओचे ॲप किंवा जाहिरातीचा लॉक पडदा असेल असा माझा अंदाज होता. काही फोनमध्ये ते होतेही. पण बहुतेकांत दुसऱ्या क्रमांकावर आमचे स्वतःचे ऊसनोंदीचे ॲप निघाले.

पुरवठादाराच्या तंत्रज्ञाकडे चौकशी केली, तेव्हा उलगडा झाला. हे ॲप उघडल्या क्षणापासून बंद करेपर्यंत दर सेकंदाला जीपीएसकडे स्थान मागत राहते. प्रत्यक्ष मोजणी चालू आहे की माणूस झाडाखाली बसून सभासदाशी बोलत आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. मोजणीच्या वेळी दर सेकंदाची नोंद आवश्यकच आहे, अन्यथा वाकड्या बांधाचा आकार चुकतो. उरलेल्या वेळी तिची काहीही गरज नाही. म्हणजे ज्या वैशिष्ट्यावर आमचे सारे काम उभे आहे, तेच न बोलावता जागे राहणारे सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे. मोजणीचे बटण दाबल्यावरच जीपीएस सुरू करावे आणि मोजणी संपताच थांबवावे, असा बदल आम्ही लेखी मागितला आहे, आणि गडद पार्श्वभूमीवर ठळक अक्षरांचा पर्यायही त्याच पत्रात मागितला आहे.

आता फोनविषयी. पर्यवेक्षिका यांच्या इशाऱ्यानुसार ८ जीबीहून कमी मेमरीचा फोन विचारात घेणार नाही. बॅटरी किमान ७००० एमएएच असावी. वक्र पडदा नको, कारण उन्हात त्याच्या कडा चकाकतात आणि फुटला तर तो महाग पडतो. एका वैशिष्ट्याचा मात्र मी आग्रह धरणार आहे: नेहमीच्या एल १ बरोबरच एल ५ या दुसऱ्या कंपनसंख्येवरही उपग्रहांचे संकेत घेणारे दुहेरी जीपीएस. बांधालगत झाडी किंवा उभा ऊस असला की परावर्तित संकेतांमुळे मोजणी हलते आणि दुहेरी जीपीएसने ती बरीच स्थिर होते. इस्रोची नाविक ही उपग्रहांवरून स्थान सांगणारी प्रणालीही एल ५ वर संकेत देते, त्यामुळे ती चालत असेल तर उत्तमच. दुर्दैवाने मोठ्या बॅटरीच्या स्वस्त फोनमध्ये नेमके हेच गाळलेले असते आणि त्याऐवजी कोणालाही नको असलेला दोन मेगापिक्सेलचा तिसरा कॅमेरा बसवलेला असतो. समितीतील संचालकांना कॅमेऱ्यांची संख्या दिसते, जीपीएसच्या कंपनसंख्या दिसत नाहीत.

मिलिअँपिअर

एल ५ च्या बाबतीत माहितीपत्रकावर विसंबू नका. प्रोसेसरमध्ये सोय असूनही कंपनीने अँटेना दिलेली नसते, असेही होते. नमुन्याचा एक फोन मागवा, उपग्रह दाखवणारे एखादे मोफत ॲप त्यावर चालवा आणि एल ५ वर संकेत प्रत्यक्ष येतात का ते मोकळ्या रानात पाहा. त्याच दिवशी सकाळपासून आपल्याच ॲपवर आपल्याच माणसाकडून काम करून घेतले, तर बॅटरीचीही चाचणी होईल, आणि ती कोणत्याही परीक्षणापेक्षा अधिक विश्वासार्ह असेल.

सोल्डरिंग

निविदेत एक अट वाढवा. सिलिकॉन-कार्बन बॅटऱ्या नव्या आहेत आणि त्यांचे सुटे भाग आमच्यापर्यंत अद्याप नीट येत नाहीत. दुय्यम दर्जाची बॅटरी बसवली तर छापील ७००० ऐवजी प्रत्यक्षात किती मिळेल हे कोणीच सांगू शकत नाही, आणि उन्हात तापणाऱ्या फोनमध्ये तिचा धोका वेगळाच. दोन हंगामांनंतर मूळ बॅटरी ठरलेल्या दराने बदलून देण्याची जबाबदारी पुरवठादारावरच टाका, आणि दर आजच लिहून घ्या.

कृष्णाकाठ

मसुद्यात ही अट घेतली आहे. बॅटरी बदलायला फोन पुण्याला किंवा मुंबईला पाठवावा लागू नये, जिल्ह्यातच काम व्हावे, आणि हंगाम चालू असताना तेवढ्या दिवसांसाठी पर्यायी फोन मिळावा, हेही त्यात जोडले आहे. दोन पुरवठादारांनी दर देण्याची तयारी दाखवली असून तिसऱ्याने बॅटरी ही हमीत येत नाही असे कळवले आहे. त्याचा फोन यादीत सर्वांत स्वस्त होता. नमुन्याचे फोन आले की ते आधी नदीकाठच्या गटात पाठवणार आहे, कारण नेटवर्क सर्वांत कमकुवत तेथेच आहे. एल ५ आणि लाल खुणेची वेळ, दोन्ही निकाल याच धाग्यावर देईन.